तीन डायफ्रॅम चारांना भारी का पडतात

मागच्या महिन्यात नाशिकच्या अंबडला आमच्या प्लांटमध्ये एक सेल्सवाले आले होते, इलेक्ट्रिक डायफ्रॅम पंप दाखवायला. पंप चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोलता बोलता ते म्हणाले, "साहेब, बाकीच्यांचा तीन डायफ्रॅमचा आहे, आपला चारचा, म्हणजे फ्लो जास्त स्मूथ." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक डायफ्रॅम जास्त म्हणजे झटके कमी, कोणालाही पटेल असंच आहे ना. पण हे चूक आहे, आणि का चूक आहे ते मला इतकं आवडतं की त्या दिवसापासून लिहायचं डोक्यात होतं.

आधी पंप काय असतो ते थोडक्यात. तुमच्या किचनमधल्या आरओच्या आत जो घूं घूं करणारा छोटा 24 व्होल्टचा पंप असतो ना, तो इलेक्ट्रिक डायफ्रॅम पंपच आहे. रबराचा एक पडदा, तोच डायफ्रॅम, तो पुढेमागे हलतो, मागे गेला की चेंबरमधली जागा वाढते आणि पाणी आत येतं, पुढे आला की पाणी बाहेर ढकललं जातं. दोन्ही तोंडांना एकेक व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. झालं. आपलं हृदय पण साधारण असंच काम करतं, एका ठोक्याला 70 मिलीच्या आसपास रक्त, दोन व्हॉल्व्हच्या मधून. आणि एक, पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो पण पाणी ओढता येत नाही, पडदा फक्त जागा करून देतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रकाठी ती जास्तीत जास्त 10.3 मीटर ढकलू शकते, नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर असल्यामुळे इथे हवा थोडी विरळ, म्हणून साडेनऊ मीटरच्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी.

कारखान्यात डायफ्रॅम पंप का, तर पडद्यामुळे शाफ्टला सील लागत नाही. फिरणारा शाफ्ट अॅसिडमधून बाहेर येतोय आणि सीलमधून टपटप गळतंय, हा प्रकारच नाही. प्लेटिंगचं सोल्युशन, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा) गाळ, रंग, सगळं चालतं. हवेवर चालणारा डबल डायफ्रॅम पंप अमेरिकेत जिम विल्डन यांनी 1955 मध्ये बनवला आणि आज आपल्या एमआयडीसीत त्याचा फटफट आवाज सगळीकडे ऐकू येतो. त्याची एकच मोठी अडचण, कम्प्रेसरने दाबलेली हवा फार महाग. कम्प्रेसरला दिलेल्या विजेतला फार तर 10 ते 15 टक्के भाग शेवटी कामाला येतो, बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते, कम्प्रेसर रूममध्ये उन्हाळ्यात उभं राहून बघा. म्हणून आता मोटारीने थेट पडदा हलवणारे पंप आलेत.

आता मुद्द्यावर. मोटार गोल फिरते, पडदा पुढेमागे जातो, मध्ये क्रँक असतो, गोल फिरणं पुढेमागे हलण्यात बदलणारा. क्रँकने हलणाऱ्या पडद्याचा वेग साइन वक्रासारखा असतो, शाळेत काढला होता तोच, डोंगर आणि दरी. डोंगर म्हणजे पाणी बाहेर, दरी म्हणजे पाणी आत. डिलिव्हरी लाइनला फक्त डोंगर दिसतात. एकच पडदा असेल तर अर्धा वेळ लाइनमध्ये काहीच नाही. दोन पडदे समोरासमोर असतील तर एक संपला की दुसरा सुरू, पण संपताना आणि सुरू होताना दोघांचाही फ्लो शून्य, म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोनदा लाइन शून्यावर येते. त्यामुळेच दोन डायफ्रॅमच्या पंपाचा होज सापासारखा उडतो आणि झटके शोषणारा डॅम्पर लावावा लागतो.

तीन पडदे, एकमेकांत 120 अंशांचं अंतर. पहिला पूर्ण जोरात असेल तेव्हा बाकीचे दोघं पाणी आत घेतायत, म्हणजे बाहेर जातंय 1 (एका पडद्याचा पूर्ण जोर म्हणजे 1 धरू). क्रँक 30 अंश पुढे गेला, पहिला 0.87 वर आला, दुसरा अजून आतच घेतोय, तिसरा आत्ता कुठे सुरू होतोय म्हणून शून्य, बेरीज 0.87. अजून 30 अंश, पहिला 0.5 वर आणि तिसरा 0.5 वर, बेरीज परत 1. म्हणजे फ्लो 1 आणि 0.87 यांच्यातच हलतो, एका फेऱ्यात सहा लहान उंचवटे, शून्याच्या जवळपासही जात नाही.

आता चार, 90 अंशांचं अंतर. पहिला पूर्ण जोरात, 1. त्याच्या समोरचा आत घेतोय, आणि बाजूच्या दोघांपैकी एक आत्ताच संपला, एक आत्ताच सुरू होतोय, दोघंही शून्य. बेरीज 1. क्रँक 45 अंश पुढे न्या, दोन पडदे 0.71 आणि 0.71 वर, बेरीज 1.41. म्हणजे खालची पातळी वरच्या पातळीच्या फक्त 71 टक्के, तीनमध्ये ती 87 होती! वहीत आलेख काढून बघा, मी काढलाय.

कारण असं की चारमध्ये प्रत्येक पडद्याच्या बरोब्बर समोर दुसरा पडदा आहे, त्यामुळे एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं एकाच क्षणी येतं, आलेखात डोंगर जिथे सुरू होतो किंवा संपतो ते दोन कोपरे एकावर एक पडतात. तीनमध्ये समोर कोणीच नाही, म्हणून प्रत्येकाचा कोपरा एकटा येतो आणि तेव्हा दुसरा कोणीतरी जोरात असतो. विषम आकड्यात फेऱ्याला दुप्पट उंचवटे मिळतात, तीनला सहा, पाचला दहा. सम आकड्यात तेवढेच, चारला चार. आणि सहा पडद्यांचा पंप केलात तर तोही सहाच उंचवटे देईल, म्हणजे तीनाएवढाच स्मूथ, खर्च दुप्पट. पाचला 95 टक्के मिळतात. व्हॉल्व्ह उशिरा बंद होणं वगैरे धरलं तर प्रत्यक्षात आकडे थोडे बिघडतात, पण क्रम तोच राहतो. (चारवाल्याला एकूण पाणी जास्त मिळतं, ते खरं आहे, पण ते स्मूथ नव्हे.)

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना हे न सांगता माहीत आहे, त्यांच्या फवारणीच्या एचटीपी पंपात तीन पिस्टन असतात, कधी चार बघितलेत का? काही ब्लोअरवर (पंख्याने फवारणाऱ्या यंत्रावर) तर डायफ्रॅम पंपच असतो, पडद्याच्या मागे तेल, आणि तेल दुधासारखं पांढरं झालं की समजायचं पडदा फुटला, पाणी आत शिरलं.

पडद्यावरून आठवलं, एका प्लांटमध्ये पडदा दर दोन महिन्यांनी फाटायचा, शेवटी ऑपरेटरने पंपाला लिंबू-मिरची बांधली. दसऱ्याला मशीनची पूजा करा, मी पण करतो, पण लिंबू-मिरचीने रबराचं आयुष्य वाढत नाही. फीडची टाकी वरच्या स्लॅबवर होती, पंपाच्या तोंडावरच जवळजवळ एक बारचं प्रेशर, पडदा आत येताना बळजबरीने फुगत होता. टाकी खालच्या मजल्यावर आणली, फाटणं थांबलं.

हवेवरचा पंप एका बाबतीत मात्र अजून राजा आहे. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर तो गपचूप थांबतो, कारण हवेचं आणि पाण्याचं प्रेशर सारखं झालं की पडदा हलतच नाही. ईटीपीच्या फिल्टर प्रेसला (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या मशीनला) हे फार कामाचं, गाळाचा थर, म्हणजे केक, जाड होत जातो तसा पंप आपोआप हळू होतो. मोटारीला हे कळत नाही, क्रँक फिरतच राहणार आणि काहीतरी फुटणार, पाइप नाहीतर पडदा. म्हणून तिला ड्राइव्हमध्ये (मोटार चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) करंट लिमिट लावावी लागते, किंवा प्रेशर वाढलं की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. "80 टक्के वीज वाचवा" अशी जाहिरात दिसली की आधी हे विचारा, व्हॉल्व्ह बंद झाला तर तुमचा पंप काय करतो? सेल्सवाल्यांना मी तेच विचारलं, त्याचं उत्तर त्यांना येत होतं, ड्राइव्ह मोटारीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघतो आणि मोटार थांबवतो. मग वही पुढे केली आणि चारचा आलेख दाखवला, त्यांनी फोटो काढून नेला. ऑर्डर आम्ही त्यांनाच दिली, त्यांच्याकडच्याच तीन डायफ्रॅमच्या मॉडेलची.