मधुमेहाचा धोका : नाशिकमधील आहार, राहणी आणि परिसर

प्रकार 2 चा मधुमेह एकट्या साखरेमुळे होत नाही. आनुवंशिक कल असलेल्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो, ती तूट भरून काढता काढता स्वादुपिंड थकते आणि रक्तातील साखर चढी राहते. हा कल प्रत्यक्षात कधी उतरेल, हे बऱ्याच अंशी ताट, अंगमेहनत, झोप आणि राहता परिसर यांवर ठरते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत, तर 13.6 कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाइतकी नाही अशा टप्प्यावर, आहेत.

नाशिक जिल्ह्याची ताटे दोन. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा पावसाचा पट्टा भात, नागली (नाचणी) आणि वरईचा. सिन्नर, येवला, नांदगावकडे बाजरी. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही नाहीत. भाकरी सावकाश चावून खावी लागते आणि थोडक्यात पोट भरते. शहरात मात्र तिची जागा पाव, बिस्किटे आणि पांढऱ्या भाताच्या मोठ्या वाढीने घेतली. नागलीही कशी खातो यावर बरेच अवलंबून असते : बारीक पिठाची पातळ पेज भाकरीपेक्षा लवकर साखर वाढवते. केवळ ‘नागलीचे’ म्हणून विकली जाणारी गोड बिस्किटे मधुमेह्यांसाठी योग्य समजणे ही दिशाभूल आहे.

मिसळीला मात्र उगाच बोल लागतो. मोड आलेली मटकी प्रथिने आणि तंतू देते. जड जातात ते वरून घेतलेले जादा पाव, शेव, तेलाची तर्री आणि काही ठिकाणी सोबत येणारी जिलेबी. द्राक्षांच्या बाबतीत प्रमाण पाहावे. 100 ग्रॅम द्राक्षांत सुमारे 15 ग्रॅम साखर असते, तेवढ्याच मनुकांत जवळपास चौपट. उपवासालाही साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा भगर आणि दाण्यांची आमटी बरी, पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळ्या बदलत राहतात. रात्रपाळीत शरीराचे घड्याळ उलटे फिरते, झोप तुटते आणि जेवण अशा वेळी होते, जेव्हा इन्सुलिन दुबळे असते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत या आजाराचे प्रमाण अधिक आढळते. या कामगारांना ‘वेळेवर जेवा, वेळेवर झोपा’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. पाळ्यांची आखणी आणि कँटीनचे जेवण हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत.

चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेही उपयोगी पडतात. गोल्फ क्लब मैदान आणि कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक पहाटे भरलेले असतात, पण ज्याच्या घराजवळ धड पदपथ नाही त्याला ही सोय नाही. हवेचेही तसेच. सूक्ष्म धूलिकण शरीरात सौम्य दाह वाढवतात आणि त्यांचा मधुमेहाशी संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसला आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सुधारणेसाठी निवडलेल्या शहरांत नाशिक आहे.

‘अंगाने बारीक, मग शुगर कशी?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यात सापडले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत माता आणि बालकांचा अभ्यास केला. कमी वजनाच्या बाळांतही स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असल्याचे त्यात दिसले. म्हणून काट्याइतकाच टेपही महत्त्वाचा : पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या पुढचा कमरेचा घेर धोक्याचा मानतात. उपाशीपोटी साखर 100 ते 125 मिलिग्रॅम आली, तर ती मधुमेहपूर्व अवस्था. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांनी आहार आणि चालणे सुधारल्यावर मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला होता.