रिपोर्टात पीडी-एल१ आहे, मग?

उपवन तलावाकाठी सकाळी चालायला गेलं की गव्हांकुराचा रस विकणाऱ्यांकडून 'इम्युनिटी वाढवा, कॅन्सर पळवा' छापाचं काहीतरी कानावर पडतंच. रस खुशाल प्या. पण कॅन्सरपुढे प्रतिकारशक्ती हरते ती दर वेळी अशक्त असते म्हणून नव्हे. बऱ्याचदा तिला ब्रेक लावलेला असतो. लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या रिपोर्टात दिसणारं पीडी-एल१ हे त्याच ब्रेकचं प्रथिन.

टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. तासुकू होंजो यांच्या जपानमधल्या प्रयोगशाळेने ते १९९२ साली शोधलं. २०१८चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. गाठीतल्या पेशीवरचं पीडी-एल१ त्याला भिडलं की पीडी-१च्या आतल्या टोकाला फॉस्फेट चिकटतो, तिथे एसएचपी-२ हे एन्झाइम येऊन बसतं आणि शेजारच्या सीडी-२८ या प्रथिनावरचे फॉस्फेट छाटून टाकतं. 'हल्ला चालू ठेव' हा निरोप सीडी-२८ देतं. तो तुटला की पेशी शत्रूला ओळखते, पण ढिम्म हलत नाही.

खरी गंमत पुढेच. टी पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा हे निरोप्या प्रथिन सोडतात आणि त्यानेच गाठ पीडी-एल१ वाढवते. म्हणजे पीडी-एल१ ही खूण कधी 'इथे लढाई जुंपली आहे' असं सांगते, तर कधी जनुकांतल्या बिघाडामुळे गाठीने ती आपणहून चढवलेली असते. त्यामुळे लाळग्रंथीच्या कॅन्सरमध्ये, ज्याचे वीसहून जास्त प्रकार आहेत, नुसत्या पीडी-एल१वरून पुढचं भाकीत करता येत नाही. त्यातला सलायव्हरी डक्ट कार्सिनोमा हा प्रकार आक्रमक. त्यात टी पेशी आणि पीडी-एल१ दोन्ही तुलनेने जास्त. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा दुसरा प्रकार मज्जातंतूंच्या कडेने हळूहळू सरकतो, कित्येक वर्षांनी फुप्फुसात उगवतो. तिथे टी पेशी फारशा फिरकत नाहीत, पीडी-एल१ही क्वचितच. त्याच्या एका वाईट गटात मात्र बी७-एच४ हा निराळाच ब्रेक सापडतो.

पीडी-१ अडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पीडी-एल१ पॉझिटिव्ह असलेल्या लाळग्रंथी कॅन्सरच्या २६ रुग्णांना दिलं, तेव्हा जेमतेम ३ जणांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. शिवाय ब्रेक सुटला की आपल्याच पेशी थायरॉइडवर, आतड्यांवर तुटून पडू शकतात. 'बूस्टर'वाल्यांनी हे जरा वाचावं.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये केमोच्या गोळ्यांसोबत निव्होलुमॅबचा (हेही पीडी-१ अडवणारं औषध) अवघा २० मिलिग्रॅमचा डोस दिला, तेव्हा वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. ते रुग्ण स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या वेगळ्या प्रकारच्या कॅन्सरचे होते. लाळग्रंथीची फाइल घेऊन टाटाच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्राला निघाला असाल, तर हा आकडा तिला लावू नका. बायोप्सीत प्रकार कोणता लिहिलाय, ते आधी बघा.