गाठ काढायची की अख्खा स्तन?

"काढायचंच तर सगळं काढून टाका, मागे काही ठेवू नका." गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्या आटोपून डिचोलीला परतलेल्या आमच्या शेजारच्या मावशीने दारातच जाहीर केलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन महिन्यांवर आली होती आणि तोवर तिला मोकळं व्हायचं होतं. डॉक्टरांनी मात्र दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या होत्या: गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट काढायची, किंवा अख्खा स्तन.

जेवढं जास्त कापू तेवढं जास्त जगू, हा मावशीचा हिशेब. त्यावर हसू नये, कारण डॉक्टर मंडळीही कित्येक दशकं हेच मानत होती. 1890च्या दशकात अमेरिकेतले शल्यचिकित्सक हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढायची पद्धत रूढ केली. तिला खरा धक्का बसला तो इटलीतल्या मिलानमध्ये. तिथले शल्यचिकित्सक व्हेरोनेसी यांनी 1973 ते 1980 दरम्यान लहान गाठीच्या 701 स्त्रिया दोन गटांत वाटल्या. एका गटाची हॉलस्टेडची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या गटात स्तनाचा गाठ असलेला भाग काढून किरणोपचार दिले. सुमारे 20 वर्षांनी पाहिलं तर त्याच जागी गाठ परतण्याचं प्रमाण पहिल्या गटात 2.3 टक्के, दुसऱ्यात 8.8 टक्के होतं. म्हणजे मावशीची भीती अगदीच निराधार नव्हे. पण स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू? 24.3 आणि 26.1 टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच.

गाठ त्याच जागी परतणं वेगळं आणि जीव जाणं वेगळं. जीव घेतात त्या हाडांत, यकृतात, फुफ्फुसांत पोचलेल्या पेशी. तिथे स्तनावरची सुरी कशी पोचणार? ते काम औषधांचं. म्हणूनच "स्तन काढला की केमो टळते" हे खरं नाही. केमो लागणार की नाही हे गाठीच्या जातीवर आणि ती किती पसरली आहे त्यावर ठरतं. (टॅमॉक्सिफेनची गोळी म्हणजे केमो नव्हे, हेही सांगून टाकते. ती हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींसाठी असते, निदान पाच वर्षं घ्यायची, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही.)

नुसती गाठ काढली तर किरणोपचार सहसा चुकवता येत नाहीत. अमेरिकेतल्या अशाच एका मोठ्या चाचणीत ते घेतलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात गाठ परतली, न घेतलेल्यांत 39 टक्के. पूर्वी त्यासाठी पाच आठवडे रोज खेपा घालाव्या लागत, आता बऱ्याच जणींचं तीन आठवड्यांत भागतं. सत्तरी तालुक्यातल्या आडगावातून तेवढ्या खेपा जमणारच नसतील, तर अख्खा स्तन काढणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तेव्हा मात्र किरणं टळतीलच असं नाही. काखेतल्या लसिका ग्रंथींत रोग पोचला असेल तर तीही द्यावी लागू शकतात.

स्तनात ठिकठिकाणी गाठी असतील किंवा छातीवर आधी किरणोपचार झाले असतील, तर बहुधा अख्खा स्तनच काढावा लागतो, निवडीला वाव उरत नाही. गाठ नुसती मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करून पाहतात.

हाताला सूज येते ती मुख्यतः काखेतल्या शस्त्रक्रियेने, आणि काख सहसा दोन्ही वाटांत तपासावी लागते, तेव्हा त्यावरून निवड ठरत नाही.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मावशीने विचारलं, "मग ती तीन आठवड्यांची किरणं चवथीआधी की नंतर?" जखम भरायला काही आठवडे जातात, तेव्हा बहुतेक नंतरच, असं सांगितल्यावर ती गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान काढायला आत गेली.