शर्यतीचा घोडा उडी शिकतो तेव्हा

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची कारकीर्द संपलेले थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे) घोडे पुष्कळदा हौशी स्वारांच्या हाती येतात, आणि आजवर ज्याला भरधाव सुटणेच ठाऊक होते अशा घोड्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला किंवा ड्रेसाजच्या संथ, मोजक्या चाली चालायला शिकवणे सुरू होते. दीड-दोन महिन्यांत तो तयार झालासे वाटते. गफलत येथेच होते, कारण घोड्याचे सगळे शरीर एकाच गतीने तयार होत नाही.

दमाची त्याला चिंता नसते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ३० ते ४० ठोके देणारे त्याचे हृदय भरधाव धावताना २००च्या वर जाते आणि प्लीहेत, म्हणजे पोटातल्या पाणथरीत, साठवलेल्या तांबड्या रक्तपेशी ऐन वेळी रक्तात उतरतात. स्नायूही काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात. मागे राहतात ते कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि हाडे. पुढच्या पायाच्या नळीमागून, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडामागून, जाणारी कंडरा प्रत्येक टापेसरशी ताणली जाऊन स्प्रिंगसारखी परतते. या ताणातली काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि दौडीत कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तिला रक्तपुरवठा बेताचा असतो, म्हणून झालेली इजा भरून यायला कित्येक महिने लागतात. हाडाची रीत तर आणखी चमत्कारिक आहे: नव्या दिशेने भार येऊ लागला की शरीर आधी जुने हाड पोखरून काढते आणि मग ती पोकळी सावकाश भरते, त्यामुळे सराव ऐन रंगात आलेला असताना हाड काही काळ पूर्वीपेक्षा कच्चे असू शकते.

ड्रेसाज त्या मानाने सोपे दिसते, पण तसे नाही. माणसासारखे हासळीचे हाड घोड्याला नसते. त्याची छाती पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते आणि उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन त्याच पायांवर येते. ड्रेसाजमध्ये ही झोळी आवळून छाती उचलायची आणि भार मागच्या पायांकडे न्यायचा असतो. ज्याला आपण हट्टी म्हणून टाच मारतो, तो घोडा बहुधा त्या अनोळखी स्नायूंनी थकलेला असतो, असे माझे मत आहे. त्यात मुंबईच्या दमट हवेत घाम उडून जात नाही आणि अंग निवायला वेळ लागतो.

म्हणूनच उड्यांच्या सरावानंतरच्या सकाळी खोगीर चढवण्यापूर्वी नळीच्या मागून तळहात फिरवून दोन्ही पायांची ऊब ताडून पाहणाऱ्या सईसाचे ऐकावे. घोडा लंगडू लागण्याच्या कितीतरी आधी कंडरेची कुरबूर त्या हाताला कळलेली असते.