परवडतो म्हणून चालतो? श्रीमंत खेळाडूंच्या जुगारामागचा इतिहास

मे २००६ मध्ये ईएसपीएनला दिलेल्या मुलाखतीत चार्ल्स बार्कलीने सांगून टाकलं, की आजवर आपण जुगारात साधारण एक कोटी डॉलर घालवले आहेत. त्यातले २५ लाख तर ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर अवघ्या सहा तासांत गेले. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग गाजवलेला हा खेळाडू तेव्हा निवृत्त होऊन टीव्हीवर विश्लेषक म्हणून स्थिरावला होता. जुगार ही आपली समस्या आहे, हे त्याने कबूल केलं आणि त्याच दमात नाकारलंही: मला परवडतं, म्हणून मी तिला समस्या मानत नाही. वर हेही जोडलं, की ही मूर्ख सवय आता आवरायला हवी, नाहीतर इतक्या वर्षांच्या कमाईनंतर कफल्लक व्हायची वेळ यायची.

हौसेला मोल नसतं, म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. स्वतःच्या घामाचा पैसा आहे, कुणाला टोपी घातलेली नाही; मग तो पत्त्यांवर उधळला काय आणि महागड्या गाड्यांवर उधळला काय, इतरांचं काय गेलं? हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. नुसता हरलेला आकडा पाहून माणसाला व्यसनी ठरवता येत नाही, हे खरंच आहे. पण ‘परवडतं का’ ही कसोटी आली कुठून, हे शोधू गेलं तर एक गंमत दिसते. डॉक्टरांनी ती काही काळ वापरली आणि मग बाजूला ठेवली. ज्यांना ती सोयीची होती, त्यांनी मात्र सोडली नाही.

अमेरिकेतल्या क्रीडासंस्थांना जुगाराची धास्ती बसली ती १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सीरिजपासून. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर सामने विकल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, तरी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. पुढे १९६३ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधले पॉल हॉर्नंग आणि अ‍ॅलेक्स कॅरास सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल एक हंगाम घरी बसले, आणि १९८९ मध्ये पीट रोझवर बेसबॉलची दारं बंद झाली. विली मेज आणि मिकी मँटल हे तर निवृत्त दिग्गज. अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोंनी त्यांना जनसंपर्काच्या नोकऱ्या दिल्या, तेवढ्यावरून बेसबॉलने त्यांनाही काही वर्षं दूर ठेवलं. या साऱ्या प्रकरणांत प्रश्न एकच होता: खेळ विकला जाईल का? खेळाडूचं स्वतःचं काय होतंय, ही चौकशी कुणाच्या अधिकारात नव्हती आणि कुणाला तिची गरजही वाटत नव्हती.

मग बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची पाळी आली आणि हा प्रश्न अपुरा पडू लागला.

जेम्स ‘स्लिम’ बूलर नावाच्या इसमाकडे जॉर्डनचा ५७ हजार डॉलरचा चेक सापडला. सुरुवातीला जॉर्डन म्हणाला, ते कर्जाऊ दिलेले पैसे आहेत. बूलरवर पैसे पांढरे करण्याच्या आरोपाखाली खटला चालला, तेव्हा ऑक्टोबर १९९२ मध्ये शपथेवर साक्ष देताना जॉर्डनने सांगितलं, की ती गोल्फ आणि पत्त्यांत हरलेली रक्कम होती. एनबीएने समज देऊन प्रकरण मिटवलं. मे १९९३ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या मालिकेतल्या दुसऱ्या सामन्याच्या आदल्या रात्री जॉर्डन अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत होता, हे वर्तमानपत्रात आलं. त्याचा संघ शिकागो बुल्स तो सामना हरला आणि गहजब झाला. (मालिका त्यांनीच जिंकली, विजेतेपदही.) पाठोपाठ रिचर्ड एस्क्विनास या गोल्फमधल्या जुन्या जोडीदाराने पुस्तक लिहून दावा केला, की पैजांमध्ये जॉर्डन त्याला साडेबारा लाख डॉलर देणं लागत होता. जॉर्डनने त्याच्याशी पैजा लावल्याचं मान्य केलं, आकडा नाही.

त्या जूनमध्ये गडद गॉगल लावून त्याने टीव्हीवर मुलाखत दिली. मला समस्या असती, तर मी उपाशी मेलो असतो, हे घड्याळ आणि विजेतेपदाच्या अंगठ्या गहाण टाकल्या असत्या, घर विकलं असतं, बायको सोडून गेली असती, असा त्याचा बचाव होता. लोकांना तो पटला. त्यांच्या डोळ्यांसमोर जुगारी म्हणून जो माणूस उभा राहतो, तो असाच देशोधडीला लागलेला असतो. ऑक्टोबरमध्ये जॉर्डन अचानक निवृत्त झाला. जुलैमध्ये त्याच्या वडिलांचा खून झाला होता. या दोन्ही घटनांना जुगार चिकटवणाऱ्या अफवा आजही फिरतात, पुरावा मात्र कशालाच नाही. लीगनेही चौकशी संपवली: त्याने बास्केटबॉलवर पैसे लावले नव्हते, विषय मिटला.

जॉर्डनने सांगितलेली घड्याळ-अंगठीची कसोटी त्याच्या डोक्यातून आलेली नव्हती. रॉबर्ट कस्टर या मनोविकारतज्ज्ञाने १९७२ मध्ये ओहायोतल्या ब्रेक्सव्हिल इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जुगाऱ्यांवर दाखल करून उपचार सुरू केले. त्याच्या प्रयत्नांतून १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत जुगाराला पहिल्यांदा आजाराची जागा मिळाली. त्या वेळी ठरवलेली लक्षणं बघण्यासारखी आहेत. खोट्या सह्या किंवा अफरातफरीसाठी अटक, कर्ज बुडवणं, सावकारी उधारी, नोकरी गमावणं, कुटुंबात वितुष्ट, दुसऱ्याने पैसे देऊन सोडवायची वेळ येणं. म्हणजे पगारावर जगणाऱ्या माणसाची पडझड. खात्यात कोट्यवधी असलेल्याला यातली निम्मी लक्षणं गाठायलाही बरीच वर्षं लागावीत.

ही त्रुटी डॉक्टरांच्याच लक्षात आली. १९८७ च्या आवृत्तीत लक्षणं दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाच्या धर्तीवर नव्याने लिहिली गेली. २०१३ मध्ये तर जुगार थेट व्यसनांच्या प्रकरणात जाऊन बसला. आता लक्षणं नऊ आहेत, आणि बारा महिन्यांत त्यातली चार दिसली की निदान होतं: तीच झिंग यायला रक्कम वाढवावी लागणं, कमी करू गेलं की चिडचिड, थांबण्याचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तोच विषय, मन उदास असताना खेळणं, गेलेलं भरून काढायला पुन्हा लावणं, खोटं बोलणं, नातं किंवा काम पणाला लागणं आणि पैशासाठी दुसऱ्यांवर विसंबणं. नऊपैकी फक्त शेवटच्या लक्षणासाठी खिसा रिकामा असावा लागतो. बाकीची आठ अब्जाधीशालाही लागू पडतात. पैशाने एवढंच होतं, की बाहेरून थांबवणारं काही उरत नाही. साध्या नोकरदाराला निदान बँक थांबवते.

आणि कॅसिनो थांबवत नाही. उलट बड्या गिऱ्हाइकाला फुकट खोली, फुकट जेवण, वेळप्रसंगी विमानही पाठवलं जातं. सगळ्यात मोठं आमिष म्हणजे मार्कर, बिनव्याजी उधारी. एक सही केली की लाखभर डॉलरच्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, पुढ्यात. नेव्हाडात हा मार्कर कायद्याने चेकसारखा धरला जातो. मुदतीत भरला नाही, तर प्रकरण थेट सरकारी वकिलाकडे जातं आणि साधी उधारी फौजदारी होऊन बसते. बार्कलीवर ही वेळ मे २००८ मध्ये आली. ऑक्टोबर २००७ मधल्या चार मार्करांचे चार लाख डॉलर थकले म्हणून विन लास व्हेगास कॅसिनो कोर्टात गेला. त्याने पैसे भरले, चूक मान्य केली, काही काळ खेळणार नाही म्हणाला, आणि पुढे कमी रकमांवर पुन्हा खेळू लागला.

अँटोइन वॉकरची गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. एनबीएतून त्याने दहा कोटी डॉलरहून अधिक पगार मिळवला होता. जुलै २००९ मध्ये वेगवेगळ्या कॅसिनोंना दिलेल्या न वटलेल्या चेकांपायी त्याला अटक झाली, पुढच्या वर्षी त्याने दिवाळखोरी जाहीर केली. आपण बुडालो ते जमीन-इमारतींच्या धंद्यात, जुगारात नव्हे, असं तो सांगतो, आणि त्यात तथ्य असावं. पण मग परवडण्याची कसोटी आणखीच डळमळीत होते. आज परवडणारा डाव उद्याच्या मंदीत परवडेल, याची हमी कोण देणार?

क्रिकेटवेड्या वाचकाला याहून जवळचं उदाहरण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ कोलंबोत होता. शेन वॉर्न कॅसिनोत पाच हजार डॉलर हरला. मार्क वॉने ओळख करून दिलेल्या ‘जॉन’ नावाच्या भारतीय बुकीने तेवढेच पैसे पाकिटात घालून त्याला भेट दिले. नंतर फोन आला तो खेळपट्टी आणि हवामानाची चौकशी करायला. ऑस्ट्रेलियन बोर्डाने १९९५ मध्ये दोघांना गुपचूप दंड केला, वॉला दहा हजार आणि वॉर्नला आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि डिसेंबर १९९८ पर्यंत ही गोष्ट दडवून ठेवली. पाच हजार डॉलरांनी वॉर्न काही रस्त्यावर येणार नव्हता. बुकीला तो कंगाल व्हायला नकोच होता. टेबलाशी भेटला, हरलेल्या मनःस्थितीत भेटला, एवढं पुरेसं होतं.

डॉक्टरांचा प्रश्न शिस्तीच्या सुनावणीपर्यंत पोचलेला अलीकडे दिसतो. इटलीचा फुटबॉलपटू सँड्रो टोनालीला ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा महिन्यांची बंदी झाली, तेव्हा उपचार आणि किमान सोळा जाहीर व्याख्यानं हा शिक्षेचाच भाग होता. त्याआधी मे २०२३ मध्ये ब्रेंटफर्ड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर आयव्हन टोनी याने सट्टेबंदीचे २३२ नियमभंग कबूल केले. सुनावणीत मनोविकारतज्ज्ञाने त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं सांगितलं, आणि सुनावणी घेणाऱ्या आयोगाने त्या कारणासाठी शिक्षेतून तीन महिने कमी करून बंदी आठ महिन्यांवर आणली. त्याला किती परवडत होतं, याने निकालात काही फरक पडला नाही. त्या हंगामात टोनी ज्या जर्सीत खेळला, तिच्या छातीवर हॉलिवुडबेट्स या सट्टा कंपनीचं नाव होतं. अशी नावं छातीवरून उतरवायचं प्रीमियर लीगच्या क्लबांनी त्याच्या बंदीच्या महिनाभर आधी ठरवलं होतं, पण मुदत घेतली ती २०२५-२६ चा हंगाम संपेपर्यंतची.