पेटी चालते, ड्रम चालत नाही

बेळगाव-खानापूर भागात मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पोरांनी उपासनेसाठी ड्रमसेट मागितला की कुणीतरी ज्येष्ठ म्हणतातच, "रॉक हे सैतानाचं संगीत." म्हणणाऱ्याने रॉक फारसं ऐकलेलं नसतं. ते वाक्य त्याला कधीतरी एखाद्या सभेत किंवा पत्रिकेत मिळालेलं असतं. वाक्य मूळचं अमेरिकेतलं, आणि इकडे येता येता त्यातला एक भाग गळून पडला आहे.

रॉक अँड रोल वाढलं ते कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधून आणि त्यांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून. १९५६ साली अलाबामातल्या गोऱ्या वंशवाद्यांच्या एका संघटनेचा म्होरक्या, एसा कार्टर, या संगीताविरुद्ध मोहीम चालवत होता. गोऱ्या मुलांना काळ्यांच्या पातळीवर आणण्याचा हा डाव आहे, असा त्याचा आरोप. त्याच वर्षी १० एप्रिलला बर्मिंगहॅम शहरात त्याच्या गोटातल्या माणसांनी नॅट किंग कोलवर भर कार्यक्रमात मंचावर चढून हल्ला केला. कोल गायचा संथ, मधाळ गाणी. रॉकशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण तो काळा होता, तेवढं पुरलं. 'हे जंगलातले ढोल आहेत' ही भाषा याच वातावरणातली, आणि ती व्यासपीठावरून उपदेशातही आली. आफ्रिकेचा ढोल म्हणजे भुताखेतांची पूजा, असा तो हिशोब. पुढे वंशाबद्दल उघड बोलणं अवघड झालं, तसा ढोल मागे पडला आणि सैतान तेवढा उरला. आपल्याकडे पोचला तो हा उरलेला भाग.

अर्थात सगळं ढोंग नव्हतं. रॉक गायक एल्विस प्रेस्ली आणि जेरी ली लुईस दोघेही पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाच्या घरांतले. १९५७ मध्ये मेम्फिसच्या स्टुडिओत लुईस रेकॉर्डिंग थांबवून आपण सैतानाचं काम करतोय की काय, यावर निर्मात्याशी वाद घालत बसला. ती टेप आजही ऐकायला मिळते. त्याच वर्षी लिटल रिचर्डने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात रॉक सोडलं आणि तो धर्मशिक्षण घ्यायला गेला. पुढे परतही आला. ही माणसं मनापासून घाबरलेली होती.

१९६६ मध्ये बीटल्स या बँडचा जॉन लेनन एका मुलाखतीत म्हणाला की बीटल्स आता येशूपेक्षा लोकप्रिय आहेत. इंग्लंडमध्ये कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकी मासिकात ते छापून आल्यावर मात्र रेकॉर्ड जाळण्यापर्यंत मजल गेली, आणि बहिष्काराची सुरुवात एका रेडिओ केंद्रावरून झाली, तेही अलाबामातल्या त्याच बर्मिंगहॅममध्ये. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या समितीपुढे लेड झेपेलिन या रॉक बँडचं गाणं उलटं वाजवून त्यातला कथित सैतानी संदेश ऐकवण्यात आला. 'गाणं उलटं वाजवा, सैतान बोलतो' हे पुढे आपल्याकडच्या सभांतूनही सांगितलं जाई. कॅसेट उलटी वाजवायची सोय बेळगावात कुणाच्या घरी होती, देव जाणे.

आपल्या मंडळीत हा वाद मात्र रॉकच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. लंडन मिशनरी सोसायटी १८२० मध्ये बेळगावात आली, १९०४ मध्ये हे काम मेथडिस्टांकडे गेलं. मिशनऱ्यांबरोबर आलेली गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली. त्या चालीत बसवताना मराठीतल्या ऱ्हस्वदीर्घाचे हाल होत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन सरळ ख्रिस्ती उपासनेत आणलं. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. टाळ-मृदंग म्हणजे देवळातले, मूर्तिपूजकांचे. आपण ते सोडून आलो ना? अलाबामातला ढोल आणि टिळकांचा मृदंग यांवरचा आक्षेप मला एकच वाटतो: हे वाद्य त्या दुसऱ्या लोकांच्या देवाचं आहे. आज टिळकांची भजनं म्हणताना कुणाला काही खटकत नाही, आणि रॉकविरुद्ध बोलणारे ज्येष्ठच ती सर्वांत सुरेल म्हणतात.

पेटीचं पाहा. युरोपात जन्मलेलं वाद्य, शास्त्रीय संगीतवाल्यांना नकोसं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. पण त्याच पेटीवर रामभाऊ विजापुऱ्यांनी बेळगावात शिष्यांच्या पिढ्या घडवल्या, आणि चर्चमध्ये तर ती आता 'आपलं' वाद्य झाली आहे.

कॅथलिकांची वाट थोडी निराळी. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ चा. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला आणि ऑर्गनखेरीज इतर योग्य वाद्यांना वाट करून दिली. पण शंका संपल्या नाहीत. १९९७ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात गायक बॉब डिलन पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गायला, तेव्हा कार्डिनल रॅटझिंगर यांना ते रुचलं नव्हतं. पुढे स्वतः पोप झालेल्या रॅटझिंगर यांचा आक्षेप मात्र मी उलट्या कॅसेटच्या रांगेत बसवणार नाही. ते म्हणत, रॉकच्या मैफलीत माणूस गर्दीत, आवाजात आणि प्रकाशझोतांत स्वतःला हरवून बसतो, आणि तीच एक पर्यायी पूजा होते. यात गाणं सुलटं वाजलं तरी प्रश्न उरतो.

अमेरिकेत १९६९ पासून लॅरी नॉर्मनसारख्यांनी ख्रिस्ती रॉक रुजवलं. ऐंशीच्या दशकात त्याला मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा ठरवणारे उपदेशक जिमी स्वॅगर्ट हे त्या जेरी ली लुईसचे सख्खे नव्हेत, पण भाऊच. एकच घराणं, एकच पियानो.

इकडे तडजोड बहुधा वेळापत्रकात होते: रविवारच्या उपासनेला पेटी-तबला, तरुणांच्या सभेला गिटार-ड्रम. पत्र्याच्या छपराखाली ड्रम सुरू झाला की म्हाताऱ्या बायांचा आवाज त्यात बुडतो आणि त्या गायच्या थांबतात. त्यांची तक्रार सैतानाबद्दल नसतेच. "आमचं आम्हाला ऐकू येत नाही," एवढंच त्या म्हणतात.