डिसेंबरात डिस्नेलँड पॅरिस: निघण्याआधी एकदा वाचाच

नाताळच्या दिवसांतलं डिस्नेलँड पॅरिस बुक करायला आलेली मंडळी खुर्चीत बसता बसता विचारतात, "तिथे बर्फ पडतो ना?" पडतो, पण मशिनमधून. पार्कच्या मेन स्ट्रीटवर फेसाचे पांढरे कण उडवतात, वर गाणी लागतात आणि पोरं आ वासून उभी राहतात. (तोंड मिटायला सांगा, तो साबणाचा फेस आहे.) खरा बर्फ पॅरिसच्या आसपास डिसेंबरात क्वचितच पडतो. पडते ती रिमझिम. फोटोतल्या पांढऱ्याशुभ्र डिस्नेलँडसाठी कुणी पैसे भरत असेल, तर आम्ही आधीच सांगून टाकतो.

मग डिसेंबरातच का जायचं? आमचं उत्तर थोडं विचित्र वाटेल: अंधारासाठी. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो रात्री १०च्या सुमारास. सगळी रोषणाई त्यानंतर. चार-पाच वर्षांचं मूल तोवर बाबांच्या खांद्यावर झोपलेलं असतं. डिसेंबरात सूर्य संध्याकाळी ५च्या आतच बुडतो. नाताळचं झाड उजळतं, परेडचे रथ दिव्यांनी लखलखतात, गुलाबी राजवाड्यावर रंग चढतात, आणि मुलं टक्क जागी असतात. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना या हंगामात मिळते ती ही लांबलचक संध्याकाळ. खालचं सगळं नियोजन तिच्याभोवती बेतलेलं आहे.

तारखा

नाताळचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. म्हणजे २५ डिसेंबरलाच तिथे असलं पाहिजे असं काही नाही. झाड, परेड, मशिनचा बर्फ, गाणी सगळं नोव्हेंबरअखेरीलाही तेच असतं. फ्रान्सच्या शाळांना नाताळची दोन आठवड्यांची सुट्टी लागते आणि ती सगळ्या देशाला एकाच वेळी. उन्हाळी आणि नाताळची सोडली तर तिथल्या बऱ्याच सुट्ट्या विभागवार पुढेमागे असतात, नाताळात मात्र अख्खा फ्रान्स एकदम मोकळा होतो. त्या पंधरवड्यात पार्क सर्वांत भरलेला आणि हॉटेल सर्वांत महाग.

तुम्हाला शाळेची अडचण नसेल तर आमचा सल्ला सरळ आहे: डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार. शाळेची अडचण असेल तर शेवटचाच आठवडा घ्यावा लागतो. तेव्हा राइड कमी होतील हे मनाशी धरूनच चला. ३१ तारखेच्या रात्रीची आतषबाजी सुंदर असते, पण त्या गर्दीत बाबागाडी घेऊन जाणाऱ्यांना आम्ही ती सुचवत नाही.

पार्क वर्षाचे ३६५ दिवस उघडा असतो, नाताळच्या दिवशीही. पॅरिस शहरात मात्र २४ तारखेला संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात आणि २५ला सार्वजनिक सुट्टी. त्यामुळे शहर आणि पार्क दोन्ही करणार असाल तर २५ तारीख पार्कला द्या.

दिवस कसा काढायचा

पार्क दोन आहेत, एकमेकांना लागून. मूळचा डिस्नेलँड पार्क १९९२ सालच्या एप्रिलमध्ये उघडला. दुसरा २००२ साली वॉल्ट डिस्ने स्टुडिओज या नावाने सुरू झाला. त्याचं नाव आता डिस्ने ॲडव्हेंचर वर्ल्ड. एका वर्षी एका कुटुंबाच्या आग्रहावरून आम्ही दोन्ही पार्क एकाच दिवसात बसवून दिले. संध्याकाळी पाचला त्यांचा फोन आला, "आम्ही हॉटेलवर परत चाललोय, पोरगी रडतेय." परेड पाच चाळीसला होती. चूक आमची होती, आम्ही नको म्हणायला हवं होतं. तेव्हापासून डिसेंबरात आम्ही दोन पार्कांना दोन दिवस देतो, आणि दोन्ही संध्याकाळी मूळच्याच पार्कात काढायला सांगतो, कारण मेन स्ट्रीट आणि मोठं झाड तिथे आहे.

सकाळ राइडसाठी. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुम्ही दारात पोचाल तेव्हा जेमतेम उजाडलेलं असेल. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरलात तर सर्वसामान्यांच्या आधी आत सोडतात, आणि तो तासभर सोन्याचा. त्यात पीटर पॅनची राइड उरकून घ्या. ती छोटी, गोड आणि फार थोड्या लोकांना एका वेळी नेणारी, म्हणून दिवसभर तिची रांग हलत नाही. समुद्री चाच्यांची राइड उलट भराभर माणसं नेते. ती दुपारी, पाऊस आला की करा.

दुपारी एकच्या सुमारास रांगा सगळ्यांत लांब झालेल्या असतात आणि मुलं चिडचिडी. अशा वेळी हॉटेलवर जाऊन दोन तास पडा. "एवढे पैसे भरून झोपायला गेलो काय?" असं आजोबा म्हणतील. जाऊ द्या त्यांना तसंच म्हणू. चारला परत आलात की ताजेतवाने असाल आणि खरी मौज पुढे असेल.

परेडची वाट फँटसीलँड या विभागातल्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' राइडच्या बाजूने निघून राजवाड्यावरून मेन स्ट्रीटला येते आणि प्रवेशाजवळच्या चौकात संपते. सगळे मेन स्ट्रीटवरच जागा धरतात. तुम्ही सुरुवातीच्या टोकाला उभे राहा. तिथे रथ आधी येतो, गर्दी विरळ असते, आणि परेड पुढे सरकली की तुम्ही राइडला मोकळे. वेळा रोज बदलतात. त्या पार्कच्या ॲपवर सकाळी पाहा, ॲपमध्ये प्रत्येक रांगेची मिनिटंही दिसतात.

'प्रीमियर ॲक्सेस' म्हणजे पैसे देऊन आखूड रांग. एकेका राइडचा स्वतंत्र घेता येतो, भाव गर्दीप्रमाणे वरखाली होतो. आमचं मत विचाराल तर एका कुटुंबाने दिवसात एक-दोनच राइडसाठी घ्यावा, तोही बिग थंडर माउंटनसारख्या सगळ्यांना करायच्या असलेल्या राइडसाठी. सगळ्या राइडचं एकत्र पॅकेज लहान मुलांच्या घराला परवडतही नाही आणि लागतही नाही.

उंचीचा प्रश्न

रडारड सगळ्यांत जास्त इथेच होते. राइडच्या दाराशी पट्टी असते आणि कर्मचारी एक सेंटिमीटरही सोडत नाहीत. बिग थंडर माउंटनला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, हायपरस्पेस माउंटनला १२०, इंडियाना जोन्सच्या राइडला १४०. दुसऱ्या पार्कातल्या टॉवर ऑफ टेररला १०२, क्रशच्या कोस्टरला १०७. घरीच दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, टाचा जमिनीला लावून पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. १०१ भरत असेल तर मुलाला घरीच सांगा. पंचेचाळीस मिनिटं रांगेत उभं राहून दाराशी कळणं फार वाईट.

एक मूल मोठं आणि एक धाकटं असेल तर 'बेबी स्विच' मागा. आईने राइड केली, बाबा धाकट्याजवळ थांबले, मग बाबांना पूर्ण रांग न लावता आत सोडतात. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ३ ते ११ लहान मुलाचं तिकीट, १२ला पूर्ण. वय पाहिलं जातं ते भेटीच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नव्हे. सहलीच्या आधी कुणाचा बारावा वाढदिवस येत असेल तर आम्हाला आत्ताच सांगा.

थंडी

तापमान साधारण ३ ते ८ अंश. आकडा ऐकून "महाबळेश्वरला पाहिलीय आम्ही थंडी" म्हणणारे दुसऱ्या दिवशी दुकानात कानटोप्या घेताना दिसतात, तिथल्या भावात. इथली थंडी ओली आहे आणि तुम्ही तिच्यात चालत नाही, उभे असता. रांगेत उभे, परेडला उभे. थंडी तळपायातून वर चढते. म्हणून जाड कोटापेक्षा बुटांवर खर्च करा: पाणी न शिरणारे, लोकरी मोजा घालूनही बोटं हलतील इतके सैल. आत थर्मल, मध्ये लोकर, वर पाऊस न झिरपणारं जॅकेट. छत्री गर्दीत लोकांच्या डोळ्यांत जाते, टोपीवालं जॅकेट बरं.

आमच्या एका गटातल्या आजी साडीच नेसणार म्हणाल्या. नेसल्या. आत थर्मल, पायांत लोकरी मोजे आणि बूट, वर गुडघ्याखाली येणारा कोट, आणि साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर, कारण रस्ता ओला असतो आणि काठ भिजला की दिवसभर घोट्याला गार लागत राहतो. चार दिवसांत त्यांची एकदाही तक्रार आली नाही. तक्रार आली ती जीन्स घातलेल्या नातवाची. भिजलेली जीन्स वाळत नाही.

पाऊस आला तर पळत सुटू नका. मेन स्ट्रीटच्या दुकानांमागून दोन्ही बाजूंनी छत असलेले बोळ जातात, लिबर्टी आर्केड आणि डिस्कव्हरी आर्केड. तिथून कोरडेच पार्कच्या मध्यापर्यंत पोचता येतं. गर्दीच्या वेळीही हाच रस्ता घ्या. राजवाड्याच्या पोटात एक ड्रॅगन आहे, साखळीने बांधलेला, घोरणारा, मधूनच मान उचलून धूर सोडणारा. वर रंगीत काचांच्या खिडक्यांची गॅलरी आहे. दोन्हीकडे सहसा थांबावं लागत नाही. बरेच लोक राजवाड्याखालून जातात आणि ड्रॅगन न बघताच परततात.

फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते. पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. फ्रान्सचा सॉकेट दोन गोल पिनांचा. आपला तीन पिनांचा चार्जर बसत नाही.

खाणं

शाकाहारी मिळतं: पास्ता, पिझ्झा, फ्राईज, क्रेप. पण 'वेज' म्हणून काम होत नाही, 'वेजेतारियें' म्हणा, आणि अंडं चालत नसेल तर 'साँ झ' हेही म्हणा. क्रेपच्या पिठात अंडं असतंच. जैन जेवण आत मिळेल असं आम्ही कुणालाही कबूल करत नाही. जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर घ्या. बसून जेवायची उपाहारगृहं या दिवसांत आधीच भरतात, ती बुकिंगसोबतच ठरवू. कोरडा खाऊ, लाडू, ठेपले पिशवीत चालतात. काचेची बाटली आणि सेल्फी स्टिक मात्र तपासणीत अडवतात.

ज्यांना संध्याकाळी वरणभात लागतोच, त्यांना आम्ही पार्कच्या हॉटेलात न ठेवता वाल द'युरोपला स्वयंपाकघरवाली खोली देतो. ते रेल्वेने एकच स्टेशन अलीकडे, मोठं सुपरमार्केट शेजारी, आणि भाडं बरंच कमी. सकाळचा तो जादा तास मात्र गमवावा लागतो. घरात सहा-सात माणसं असतील तर आम्ही वाल द'युरोपच सुचवू.

जाणं-येणं

पार्क पॅरिसच्या पूर्वेला ३२ किलोमीटरवर. शहरातून आरईआर ए ही गाडी, शात्ले स्टेशनपासून साधारण ४० मिनिटं, आणि शेवटचं स्टेशन 'मार्न-ला-व्हाले शेसी' पार्कच्या दाराशीच. ही लाइन पुढे फुटते. फलाटावरच्या पाटीवर शेसीपुढे दिवा लागलाय का बघूनच चढा, नाहीतर बुआसी सँ लेजेला पोचाल आणि तिथे मिकी नाही. २०२५ पासून सगळ्या परिसराला एकच दर झाल्यामुळे एका वेळचं तिकीट अडीच युरोच्या आसपास पडतं. विमानतळाचं भाडं वेगळं. शार्ल द गॉल विमानतळावरून थेट पार्कला जाणार असाल तर टीजीव्ही ही वेगवान रेल्वे १० मिनिटांत सोडते. मोठ्या बॅगा पार्कात नेऊ देत नाहीत, बाहेर सामान ठेवायची सोय आहे.

व्हीलचेअर आणि बाबागाडी प्रवेशाजवळ भाड्याने मिळते. ज्येष्ठ नागरिक म्हणून वेगळी रांग नाही. गुडघ्याचं दुखणं असेल तर पहिल्या दिवशीच व्हीलचेअर घ्या, लाजू नका. दिवसात दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. डिसेंबरच्या अपॉइंटमेंट दिवाळीच्या आसपास संपतात, म्हणून कागदपत्रं गणपतीपर्यंत आमच्या हातात द्या.

फाइल द्यायला याल तेव्हा मुलांची उंची सेंटिमीटरमध्ये, जन्मतारखा, आणि घरात कोण काय खात नाही हे एका कागदावर लिहून आणा.